नजर मागायची रीत

"आधी नजर माग. मग बोल."

सपकाळ गुरुजींचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो असा, शाळेच्या पायरीवर, एक चप्पल पायात आणि एक हातात असताना. भरली घागर विहिरीच्या काठावर टेकवावी तसा आवाज. जड, ओला, तळाशी थोडा हेलकावणारा. गुरुजी फळ्यावरून वळले होते आणि मागच्या ओळीतलं एक पोरगं तोंड हलवताना त्यांना दिसलं होतं. पोरगं मुकाट्यानं उठलं, पुढं आलं, गुरुजींसमोर उभं राहून त्यानं हात वर केला आणि थांबलं. गुरुजींनी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. मगच ते म्हणालं, "नव्या बाई आल्यात, गुर्जी. दारात हुब्या हायेत."

मी नोकरीला नवी होते आणि सातबाभळीचा माळ मला नवा होता. म्हसवड मागं पडलं की रस्ता पांढरा होत जातो; पुढं बाभळी, मेंढरं आणि आभाळ, एवढाच संसार. शाळेच्या दोन खोल्यांपैकी एकीचे पत्रे वादळात उडालेले, म्हणून पहिली ते चौथीची सगळी पोरं एकाच खोलीत बसायची. निम्मी माझी, निम्मी गुरुजींची.

गुरुजींचा गळा साऱ्या पंचक्रोशीत नावाजलेला. ते पाढे शिकवायचे ओवीच्या चालीवर, नद्या शिकवायचे पाळण्याच्या चालीवर. सातबाभळीतली बाई जात्यावर नसली तरी चुलीपुढं बसून सतराचा पाढा गुणगुणायची, कारण लहानपणी तो तिच्या कानात गुरुजींनीच ओतलेला. बिरोबाच्या जत्रेत त्यांना गायला उभं करायचे. ढोलवाल्याच्या अगदी अंगाला अंग लावून ते उभे राहायचे आणि एकदा त्यांनी सूर सोडला की पालांमधली कुत्रीसुद्धा भुंकायची थांबायची, असं लोक सांगत.

आणि ही नजर मागायची रीत. ज्याला बोलायचं त्यानं समोर यायचं, हात वर करायचा, सगळ्यांची नजर आपल्यावर आली की मगच तोंड उघडायचं. दुसऱ्या शाळांतले मास्तर हसायचे. सपकाळांच्या शाळेत पोराला वारा सरायचा असला तरी आधी हात वर करावा लागतो, म्हणायचे. मला तो गुरुजींचा दरारा वाटला. पुढं वाटलं की ही माणुसकीची रीत आहे. ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडं बघून बोलावं, यात वावगं काय? फोन मात्र त्यांना सोसायचा नाही. शाळेचा मोबाइल वाजला की तो माझ्याकडं सरकवायचे. "त्या डबड्यात माणसाचं तोंड कुठं दिसतं?" म्हणायचे, आणि पोरं खुदखुदायची.

म्हाळसा आली ती त्याच वर्षी.

आईच्या पदराला धरून नाही, आईच्या पुढं चालत आली. काठी खांद्यावर आडवी टाकलेली, दोन्ही मनगटं काठीवरून लोंबत सोडलेली, अगदी तिच्या बापासारखी, बिरा गोरडासारखी. वयानं तिसरीत बसावी एवढी. तिनं खोलीभर पाहिलं, पोरांची डोकी मोजल्यासारखी मान फिरवली, जशी मेंढरं मोजतात तशी, आणि मग गुरुजींकडं पाहून हसली.

तिची आई कोंडाबाई उंबऱ्याच्या आत आली नाही. "कान न्हाईत हिला," ती म्हणाली. "म्हून बोलतबी न्हाई. बाकी समदं कळतंय. माझ्या मनातलंबी कळतंय मेलीला."

सातबाभळीच्या धनगरांचा एक रिवाज आहे. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन माणसं कृष्णाकाठाकडं उतरतात आणि उन्हाळा सरता परत येतात. ज्या पोरांच्या हातात पाटी, ती गावात म्हाताऱ्यांपाशी राहतात. बाकीची मेंढरांमागं जातात. दर दिवाळीला घराघरात हा निवाडा होतो, आणि एकदा मेंढरांमागं गेलेलं पोर शाळेत परत आल्याचं मी तरी पाहिलं नाही. कोंडाबाईनं तिथंच, उंबऱ्यावर, तिचा निवाडा सांगून टाकला. दिवाळीपर्यंत बसवते. तोवर पोरीला इथं काही गवसलं तर राहील सासूपाशी, नाही तर नेईन संगं.

"मेंढरास्नी काय कान लागत न्हाईत, गुर्जी," ती म्हणाली.

केंद्रशाळेतून फोन आला तो मीच घेतला. अशा मुलीला साताऱ्याच्या मूकबधिर शाळेत पाठवा, तुमच्याकडं तिचं नुकसान होईल, असा निरोप होता. मी तो गुरुजींना समोर उभी राहून सांगितला. ते म्हणाले, सातारा हिच्या आईनं पाहिलेलं नाही आणि ती पाठवणारही नाही. इथं की मेंढरांमागं, एवढाच सवाल आहे. त्यांनी म्हाळसाला पहिल्या ओळीत आपल्यासमोर बसवलं.

त्यानंतर आल्या मुल्ला बाई.

जुबेदा मुल्ला. तालुक्याकडून विशेष शिक्षिका म्हणून त्या शाळाशाळा फिरायच्या. कुठं न दिसणारं पोर, कुठं न चालणारं, कुठं शब्दात अडखळणारं. आणि त्या पोरांपेक्षा जास्त अडखळणारे आम्ही मास्तर. स्कूटीवर माळाची धूळ खात यायच्या, डोक्याचा ओढणीचा फेटा सोडून झटकायच्या आणि मागच्या भिंतीला टेकून पोरांत बसायच्या. सकाळभर नुसतं बघायच्या. दुपारी पोरांच्या पंगतीत खिचडी खायच्या. निघताना एकच गोष्ट सांगायच्या. एका खेपेला एकच. दोन सांगितल्या तर मास्तर एकही करत नाही, हा अनुभव आहे, म्हणायच्या.

पहिल्या खेपेला ती एक गोष्ट माझ्या वाट्याला आली. "वसुधाबाई, तुम्ही फळ्याशी बोलता. फळ्याला येतं सगळं. पोरांशी बोला."

मी फुगून बसले. पण दुसऱ्या दिवशी लिहिताना तोंड मिटलं, वळले, मग बोलले, आणि म्हाळसाच काय, माझ्या पहिलीतली झोपाळू पोरंसुद्धा जागी झाली.

दुसऱ्या खेपेला पुष्पीची पाळी. पुष्पी झिमल म्हणजे गुणाचं पोर. म्हाळसाची पाटी तीच पुसायची, हजेरीला म्हाळसाचा हात तीच धरून वर करायची, गणितही तीच सोडवून द्यायची. आम्ही तिचं कौतुक करत होतो. मुल्ला बाईंनी पुष्पीला जवळ घेतलं आणि विचारलं, तुझी भाकरी उद्यापासून मी चावून दिली तर चालेल का? पुष्पीनं तोंड वाकडं केलं. त्या दिवसापासून दर आठवड्याला म्हाळसाशेजारी नवं पोर बसायला लागलं आणि म्हाळसाचा हात म्हाळसाच वर करायला लागली.

गुरुजींना सांगण्यासारखं बाईंना काही सापडत नव्हतं. "मी एवढ्या शाळा फिरते," त्या मला म्हणाल्या, "मास्तरांनी पोराकडं तोंड करून बोलावं म्हणून घसा कोरडा करते. इथं तर एकाच वेळी एकच बोलतो, समोर येऊन बोलतो, हात वर करून बोलतो. गुरुजींनी हिच्यासाठी सगळा वर्ग बदलला की हो."

मी म्हटलं, हिच्यासाठी नाही, मी आले तेव्हापासून असंच आहे. बाईंनी माझ्याकडं जरा वेळ पाहिलं. मग गुरुजींकडं.

पण म्हाळसाला येत काहीच नव्हतं. गुरुजी तिच्यासमोर मांडी घालून बसायचे आणि सावकाश, एकेक अक्षर ओठांवर ठेवून दाखवायचे. ती त्यांच्या तोंडाकडं अशी बघायची जशी पोरं जत्रेत पाळण्याकडं बघतात. छान वाटायचं तिला. हसायची. आणि पाटी कोरीच राहायची. गुरुजी कधी कोणावर चिडलेले मी पाहिले नव्हते, पण त्या दिवसांत ते स्वतःवर चिडायचे. शाळा सुटली तरी एकटेच बसून राहायचे. एवढं सरळ आहे, हिला का कळत नाही, असं पुटपुटायचे.

भाद्रपदात मुल्ला बाई आल्या तेव्हा त्यांची ती एक गोष्ट गुरुजींसाठी होती. पोरं घरी गेली होती. बाई खिडकीपाशी, उजेडात तोंड करून उभ्या होत्या.

"गुरुजी, तिला तुमचे ओठ दिसतात. शब्द दिसत नाहीत."

"मी स्पष्ट बोलतो, बाई."

"फार स्पष्ट बोलता. पण ओठांवरून शब्द उचलायचा तर तो आधी पोटात असावा लागतो. ज्यानं पुष्कळ वर्षं ऐकलंय आणि मग ऐकू येणं गेलंय, त्याला जमतं ते. पोटातल्या शब्दाशी ओठांवरचा शब्द तो ताडून बघतो. हिच्या पोटात काही नाही. हिनं कधी ऐकलंच नाही. हिला भाषा हातानं द्यायला पाहिजे."

गुरुजींनी हातातला खडू खाली ठेवला.

"मला वाटलं होतं," ते म्हणाले, "समोर तोंड असलं की भागतं."

"तसं वाटणं साहजिक आहे," मुल्ला बाई म्हणाल्या. फार हळू आवाजात म्हणाल्या, पण ओठ नीट उघडून. मग एकाएकी विषय बदलून, यापुढं शाळा सुटल्यावर आपण तिघं खुणा शिकू या, असं त्यांनी ठरवून टाकलं.

मग सुरू झाली हातांची शाळा. बाई आठवड्याला एकदा यायच्या त्या दोनदा यायला लागल्या. आम्हाला भाकरीची खूण, पाण्याची खूण, आज-काल-उद्याची खूण. खुर्ची त्या नेहमी खिडकीसमोर ओढायच्या, तोंडावर ऊन घेऊन बसायच्या. डोळे मिचकवायला लागायचे तरी जागा बदलायच्या नाहीत. मी म्हणायचे, बाई, सावलीत बसा की, म्हाळसा तर घरी गेली. त्या म्हणायच्या, सवय लागलीय, असू द्या.

शिकलेली खूण आम्ही वर्गात दाखवायचो, पण आमच्या आधी पोरं शिकली. आठवडाभरात पोरांचे हात तोंडापेक्षा जास्त वाजायला लागले. मी पाठमोरी असले की मागं उत्तरं इकडून तिकडं उडायची, ओठ न हलवता. चोरीचा नवा मार्ग मिळाला म्हणून पोरं खूश, आणि त्या चोरीत म्हाळसा सगळ्यांची म्होरकी. पाटीवर तिचं पहिलं अक्षर उमटलं ते ढोलाचा ढ. ढोल तिला बापाच्या गळ्यात दिसलेला होता. तो हातानं वाजवून दाखवला, मग अक्षर दाखवलं, आणि तिच्या तोंडावर असं काही उजाडलं की गुरुजी उठून बाहेर गेले आणि उगाचच बाभळीकडं बघत उभे राहिले.

फक्त एक गोष्ट बिघडली होती. गुरुजी वर्गात गायचे थांबले होते. पाढे नुसते म्हणायला लागले होते, वाळलेल्या शेंगांसारखे. मुल्ला बाईंच्या ते ध्यानात आलं.

"पंगतीत एका पानावर गोड वाढता येत नसेल," गुरुजी म्हणाले, "तर बाकीच्यांनाही वाढू नये. आमच्यात तशी रीत आहे."

"मग तिच्या पानावर वाढू या," बाई म्हणाल्या. "तुम्ही गा. सावकाश गा."

गुरुजींची स्वतःची एक ओवी होती, पोरं शाळेत आली की पहिल्यांदा शिकवायचे ती.

डोंगराआड डोंगर, डोंगराआड माझं गाव,
काळ्या पाटीत पेरिते माझ्या बापाजीचं नाव.

बाईंनी ती हातावर घेतली. एका हाताचा डोंगर, त्याच्यामागं दुसरा, त्याच्यामागून बोटांची घरं वर आली. तळहाताची पाटी झाली आणि तिच्यात चिमटीनं बी पडलं. बाप म्हणून बाईंनी मिशांवरून बोट फिरवलं, तेव्हा म्हाळसा उठली. समोर आली. हात वर करून तिनं सगळ्या वर्गाची नजर मागितली आणि मान हलवली. माझ्या बापाला मिशा नाहीत. तिनं खांद्यावर नसलेली काठी आडवी टाकली, मनगटं लोंबत सोडली आणि पाय फाकून उभी राहिली. साऱ्या वर्गानं बिराला ओळखलं. त्या दिवसापासून सातबाभळीच्या शाळेत बापाची खूण तीच.

आणि ती खाली बसली नाही. तिनं काखेत काहीतरी उचललं, हळूच, जपून, डोक्यावर ऊन दाखवलं, चालली, मागं वळून पाहिलं, जमिनीवर पसरलेलं काहीतरी आपल्या पायांवर ओढून घेतलं. गुरुजी तिच्या हातांकडं असे बघत होते की पापणी लवेना. मग त्यांचा गळा आपोआप सुटला, कितीतरी दिवसांनी, तिच्या हातांच्या मागून मागून.

कोकरू काखेमंदी, माय चालते उन्हात,
तिची सावली पाठीशी, माझ्या पायाला राखीत.

ओवी तिची आणि गळा त्यांचा. मी तोंडाला पदर लावून उभी. मुल्ला बाई मागच्या भिंतीशी बसल्या होत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोन्ही हात वर करून नुसते हलवले, पानं हलावीत तसे. पोरांनी बघितलं आणि सगळ्या खोलीत हातांचं झाड हललं. आज मी नव्या शिक्षकांना शिकवायला जाते, समावेशक शिक्षणावर तास घेते, भिंतीवर चित्रं दाखवते. खरं सांगायचं तर त्यातलं सगळं मी त्या एका सकाळी बघून घेतलं होतं.

कोंडाबाईला आम्ही बोलावून ती ओवी दाखवली. तिनं पोरीच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. घरी जाताना ती म्हाळसाला वाटभर काहीतरी हातानं विचारत होती आणि म्हाळसा सांगत होती. आम्हाला वाटलं, जिंकलं.

दिवाळीच्या तोंडावर टँकर आला. गावात पाण्याचा टँकर मागं सरकत होता आणि म्हाळसा त्याच्यामागून, पाठ करून, घागर घेऊन चालली होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. बायका ओरडत होत्या. एका बाईनं झेप घेऊन तिला ओढली म्हणून वाचली. घागर चाकाखाली चेपून चपटी झाली. ड्रायव्हर उतरून शिव्या देत सुटला, बहिरी हायेस का, म्हणून. कोंडाबाई तिथंच रांगेत होती. तिनं ती चपटी घागर उचलून घरी नेली आणि दारात ठेवली. निवाडा झाला.

मी दोनदा घरी गेले. ती चहा करायची, ऐकून घ्यायची, आणि तेच सांगायची. सासूला पळवत नाही, मी नसताना हिच्यामागं कोण पळणार? शाळेत सगळी हिच्यासारखे हात हलवतात, पण बाजारात कोण हलवेल, एस.टी.त कोण, हिला दिली त्या घरात कोण? मेंढरं तरी अंगाला अंग लावून चालतात. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दिवाळी सरली आणि निघायचा दिवस आला. सकाळचं ऊन माळावर लांबच लांब पडलेलं. बिरा मेंढरांचा पुढचा कळप घेऊन आधीच ओढा ओलांडून गेला होता. मागं घोड्यांवर संसार चढत होता. भांडी, घोंगड्या, खुराड्यातल्या कोंबड्या, जाळीत बांधलेली कोकरं. गाव निरोप द्यायला जमलेलं, सरपंचापासून म्हाताऱ्याकोताऱ्यांपर्यंत. म्हाळसाला तांबड्या घोडीवर गाठोड्यांच्या मध्ये बसवलं होतं. ती दोन्ही हातांनी गाठोडं धरून आमच्याकडं बघत होती.

मुल्ला बाईंचा तो वार नव्हता, तरी त्या आल्या होत्या. आम्ही तिघं कोंडाबाईपुढं उभे राहिलो. माझं मी बोलले. बाईंनी सांगितलं की त्या आजीला खुणा शिकवतील, पोरांना नेमून देतील, रस्त्यावर म्हाळसाच्या मागं एक आणि पुढं एक असं चालायचं. कोंडाबाई मान हलवत होती. गुरुजी म्हणाले, "पोरगी ठेव, कोंडाबाई. एवढं एक वर्ष."

"तुमी चांगली मानसं हायसा," ती म्हणाली. "तुमच्याव माझा राग न्हाई."

मग ती वळली, आमच्याकडं पाठ केली, आणि घोडीच्या पोटाखालचा पट्टा आवळायला लागली. आणि तशीच, पट्ट्याशी झटता झटता, बोलली.

"गुर्जी, मला एक सांगा. शाळा सोडा, वस्तीबी सोडा. कान न्हाईत आन तरीबी चार मानसांत मानसावानी जगतंय, पोटापान्याला लागलंय, त्येला कुनी हसत न्हाई, असं एक तरी मानूस तुमी बघितलंय का? एक तरी दावा. मी पोरगी आत्ता खाली उतरवते."

सगळे गुरुजींकडं बघायला लागले.

गुरुजी उभे होते. चेहरा शांत, डोळे कोंडाबाईच्या पाठीवर. कुणी काही विचारलंच नसल्यासारखे वाट बघत उभे होते. कोंडाबाईनं पट्टा आवळला, थांबली, आणखी थोडी थांबली. मग वळली.

"बगा," ती म्हणाली. "गुर्जीबी गप्प हायेत. मंजी असं मानूस न्हाई."

तेव्हा गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. त्या चेहऱ्यावर भीती मी कधी पाहिली नव्हती. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तोच मुल्ला बाईंनी माझं मनगट धरलं. घट्ट धरलं. मग सोडलं, आणि त्या चालत गुरुजींच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या, सूर्याकडं तोंड करून. त्यांनी उजवा हात वर केला आणि थांबल्या.

नजर मागितली त्यांनी. गुरुजींची.

मग कोंडाबाईचा सवाल त्यांनी जसाच्या तसा सांगितला, ओठांनी आणि हातांनी दोन्ही. त्यात आपलं काही घातलं नाही. त्यातलं काही गाळलं नाही. सांगून झाल्यावर बाजूला झाल्या.

भर उन्हातली ती खुर्ची, माझ्याकडं सरकवलेला तो मोबाइल, ढोलाला चिकटून उभं राहणं, सगळं एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढून गेलं. या बाईला भाद्रपदापासून माहीत होतं. आणि तिनं कुणाला सांगितलं नाही, त्यांनासुद्धा नाही. नुसतं उजेडात तोंड धरलं.

गुरुजी कोंडाबाईपुढं गेले. तिच्यासमोर त्यांनी हात वर केला. ती गोंधळून त्यांच्याकडं बघायला लागली.

"आहे असा एक माणूस," ते म्हणाले. "तुझ्या धाकट्या दिराला त्यानं वाचायला शिकवलं. एस.टी.नं तालुक्याला जातो, बाजार करतो, हिशेबात फसत नाही. बिरोबापुढं गातो, ढोल छातीला लागतो, त्याच्यावर सूर धरतो. त्याला कुणी हसत नाही, कारण त्यानं कुणाला कळूच दिलं नाही. भ्याला तो. मास्तराचे कान गेले म्हटल्यावर नोकरीही जाईल आणि गळ्याचं नावही जाईल, असं वाटलं त्याला."

"कोन?" कोंडाबाई म्हणाली. "कुटल्या गावचा?"

गुरुजींनी आधी घोडीवर बसलेल्या म्हाळसाकडं पाहिलं. बोट कानाशी नेलं, मग तळहात आडवा हलवला. आमच्या वर्गात ती खूण आजवर एकटीचीच होती. म्हाळसा ती स्वतःसाठी करायची. म्हाळसानं ती बघितली, डोळे मोठे केले, आणि कुणी उतरवायची वाट न बघता गाठोड्यांवरून घसरत खाली आली.

मग गुरुजी तोंडानं बोलले, त्या भरल्या घागरीच्या आवाजात, सरपंचाला, म्हाताऱ्यांना, साऱ्या माळाला ऐकू जाईल असं.

"मी. मला ऐकू येत नाही, कोंडाबाई. किती वर्षं झाली, येत नाही."